नेम चुकत नाही, सेटिंग चुकते

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण गंभीर आहे. आमच्या लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीची गेमिंग टीम झाली आणि तिच्यात मी आहे! वरच्या मजल्यावरच्या विमावाल्यांनी आव्हान दिलंय. फायनल २१ला. टीम चौघांची हवी, नाहीतर बाद. रिसेप्शनवरची मुलगी कॅप्टन. मग मेकॅनिक ढब्बू आणि अकाउंट्सच्या ताई. चौथ्यासाठी कॅप्टन अख्ख्या ऑफिसात विचारत विचारत शेवटी खाली स्टोअरपर्यंत आली. म्हणजे सगळे पर्याय तपासून मगच माझी निवड झाली.

दुपारी चौघं मीटिंग रूममध्ये एकत्र जेवलो. इतकी वर्षं मी स्टोअरमध्येच, लिफ्टच्या बटणांच्या खोक्यावर डबा ठेवून जेवतो. एकटाच. (कामाचा व्याप.) आज ताईंनी माझ्या डब्यातली भाजी मागून घेतली. फार बरं वाटलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार
पहिला सराव. खेळ सोपा आहे. बंदूक घेऊन एका गोदामात हिंडायचं, समोरच्या टीमचा माणूस दिसला की माउसने नेम धरायचा आणि उडवायचा. आपला माणूस पडला की गुण त्यांना. आपणच आपला माणूस पाडला तरी गुण त्यांनाच. पडलेला थोड्या वेळाने पुन्हा उभा राहतो. मी बऱ्याच वेळा उभा राहिलो.

ढब्बूने विचारलं, काका, भिंतीने तुमचं काय घोडं मारलंय. मी शांतपणे सांगितलं की नेम माणसावरच होता, माउस पुढे निघून गेला.

घरी येऊन वाचन केलं. रोग सापडला. सेन्सिटिव्हिटी! हात एवढासा हलवला तर पडद्यावरचा नेम किती हलावा, त्याचा आकडा. माझा फार जास्त आहे. दोष माझ्यात नाही हे मला आधीपासून वाटतच होतं.

निश्चय: या आठवड्यात स्वतःचा अचूक आकडा शोधणे. तोवर बाकी सगळं गौण.

६ फेब्रुवारी, गुरुवार
आकडा अगदी खाली आणला. आता नेम अजिबात भरकटत नाही. हलतच नाही. मागे वळायचं तर माउस टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढावा लागतो. सराव विमावाल्यांशीच होता. खेळात त्यांच्यापैकी एक मागून आला. मी वळायला निघालो. वाटेत ताईंचा डबा होता.

डबा खाली, आमटी कार्पेटवर. ढब्बू म्हणतो, तो विमावाला माझं वळणं पूर्ण होईपर्यंत थांबला होता आणि मग त्याने गोळी मारली. सभ्य माणूस.

निष्कर्ष: सेटिंग बरोबर, टेबल अपुरं.

८ फेब्रुवारी, शनिवार
कमी सेन्सिटिव्हिटीला मोठा माउसपॅड लागतो. बाजारात हवा तेवढा मिळेना. सौ.ची योगा मॅट मधोमध कापली, झकास पॅड झाला. नाहीतरी ती महिनाभर कपाटामागे गुंडाळूनच पडली होती. हे मी सौ.ला सांगितलं. सांगायला नको होतं.

९ फेब्रुवारी, रविवार
अबोला. वेळ सत्कारणी लावला. टेपने कोपरापासून बोटापर्यंत हात मोजला. माणूस स्वाभाविकपणे किती वेगाने वळतो हे समजावं म्हणून फिरत्या खुर्चीत बसून गिरक्या घेतल्या. मग आडवा झालो.

कन्या सातवीत आहे. म्हणाली, बाबा, कुठलाही एक आकडा ठेव आणि महिनाभर रोज खेळ, हाताला आपोआप सवय होते. लहान आहे. विषयाची खोली कळायला वय लागतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार
धोरण बदललं. आकडा एकदम वर. माउसला नुसता श्वास लागला तरी नेम पळतो. माझा माणूस भोवऱ्यासारखा फिरला आणि गोळ्या चहूकडे गेल्या. ढब्बू दोनदा पडला. दोन्ही वेळा माझ्याच हातून. खेळात वेग आला हे मात्र त्यालाही नाकारता आलं नाही.

ताई सगळ्यात जास्त माणसं पाडतात. त्यांना विचारलं, तुमची सेन्सिटिव्हिटी किती. म्हणाल्या, गार पाण्याने व्हायची, टूथपेस्ट बदलल्यापासून नाही. यांच्याशी चर्चा व्यर्थ.

१२ फेब्रुवारी, बुधवार
माझा सरावाचा कॉम्प्युटर म्हणजे मीटिंग रूममधला. काल खेळापुरतं भागेना म्हणून मी कॉम्प्युटरचीच माउस सेटिंग वर नेली होती. ती उतरवायची राहिली. सकाळी साहेब त्याच्यावर एक तक्रार बंद करायला बसले. पडद्यावरचा बाण उडाला, काय दाबलं गेलं कोण जाणे, पण बंद पडलेल्या सगळ्या लिफ्टच्या तक्रारी 'निवारण झाले' म्हणून बंद. कंपनी इतिहासात प्रथमच तक्रारमुक्त झाली. साहेबांना त्याचा आनंद झाला नाही.

कोणी केलं म्हणून चौकशी झाली. कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं आणि साहेबांना म्हणाली, माउस जुना झालाय. पोरगी मनाने चांगली आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
सराव सामना हरलो. माझ्या सेटिंगचं संशोधन अर्धवट असल्याने निकालाला अर्थ नाही.

नंतर पाण्याच्या कूलरपाशी कॅप्टन आणि ढब्बू बोलत होते. मी पलीकडे स्टोअरच्या रॅकमागे. कॅप्टन म्हणत होती, चौथं कोणी दुसरं बघू या का. ढब्बू म्हणाला, माझी बायको मस्त खेळते आणि ती आपल्याच वर्कशॉपात आहे, म्हणजे नियमातही बसते. कॅप्टन म्हणाली, काकांना सांगायचं कोणी.

खेळ गेला खड्ड्यात. पण मग दुपारी काय? मीटिंग रूममध्ये टीमच जेवते. पुन्हा त्या खोक्यावर डबा उघडायचा? दहा दिवसांत मला सवय झाली आहे, कोणी विचारतं की आज डब्यात काय आणलं. हे जायला नको. अजिबात नको.

उपाय एकच. आकडा.

१७ फेब्रुवारी, सोमवार
आक्रीत! सामना चालू असतानाच माझी सेटिंग बिघडल्यासारखी वाटली. माझा माणूस कोपऱ्यात पिंपामागे उभा केला आणि सेटिंगच्या पानावर गेलो. दशांशात बदल करून पाहण्यात असा रंगलो की बाहेर आलो तेव्हा सामना संपला होता. आम्ही जिंकलो! पहिल्यांदाच.

कॅप्टनने विचारलं, काका, तुम्ही कुठे होता. म्हटलं, सेटिंगमध्ये. तिने ढब्बूकडे पाहिलं. ढब्बूने ताईंकडे. माझी चिकाटी आज त्यांना दिसली असावी.

१९ फेब्रुवारी, बुधवार
मान मिळू लागला आहे. सामना सुरू होण्याआधी कॅप्टन स्वतः म्हणाली, काका, तुम्ही पिंपामागे जा आणि निवांत सेटिंग बघा. ढब्बू म्हणाला, घाई नको, अशी कामं वेळ घेतात. ताई तर म्हणाल्या, अगदी शेवटपर्यंत बघा. पुन्हा जिंकलो. ढब्बूच्या बायकोचं नावही कोणी काढत नाही. जेवताना मला खिडकीजवळची खुर्ची दिली.

इतके दिवस हसत होते. शेवटी शास्त्रापुढे मान झुकलीच.

२० फेब्रुवारी, गुरुवार
सापडला! १.३७. एक पूर्णांक सदतीस. रात्री घरी कन्येने पडद्यावर बोट ठेवायचं आणि मी तिथे नेम न्यायचा. एकदाही चुकला नाही. बोट ती हलवत नव्हती, ही गोष्ट वेगळी. सौ.ला उठवून दाखवायला गेलो, तिने कूस बदलली.

टीमला सांगितलं नाही. उद्या फायनलमध्येच कळेल त्यांना, पिंपामागे कोण बसलंय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
फायनल. सगळं ऑफिस गोळा. साहेबसुद्धा. ठरल्याप्रमाणे मी पिंपामागे. तिघं जिवाच्या आकांताने लढले. बरोबरी झाली. एका गुणाचा प्रश्न.

मी १.३७ लावला आणि बाहेर पडलो. कानात कॅप्टन ओरडत होती, काका, सेटिंग, काका, सेटिंग! मी म्हटलं, झाली. आणि पुढे गेलो. बोळाच्या टोकाला एक जण पाठमोरा उभा. माउस लोण्यासारखा सरकला. नेम थेट डोक्यावर. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही. मारला.

कॅप्टन होती.

वरच्या मजल्यावरचे चौघेही येऊन माझ्याशी हात मिळवून गेले.

२२ फेब्रुवारी, शनिवार
विचार केला. आमचा रंग हिरवा, त्यांचा निळा. मीटिंग रूमचा मॉनिटर हिरव्याला निळसर दाखवतो. सेन्सिटिव्हिटीबद्दल कोणी चकार शब्द काढू शकत नाही. दोष मॉनिटरच्या रंगाच्या सेटिंगमध्ये आहे. सोमवारी समजावून सांगणे.

सौ.ला ही उपपत्ती सांगितली. ती आता बोलते. म्हणाली, सरावात रोज कॅप्टनचीच पाठ पुढे असणार, तुम्हाला ओळखू नाही आली?

नाही आली. खरं म्हणजे मी पाठीकडे बघतच नव्हतो. नेम कसा छान सरकतोय, ते बघत होतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार
दुपारी वर मीटिंग रूममध्ये गेलो नाही. स्टोअरमध्ये खोक्यावर डबा उघडला.

कॅप्टन आली. मी लगेच पिशवीतला माउस हातात घेऊन मॉनिटरचं सांगायला घेतलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, काका, राग मानू नका, तुम्ही पिंपामागे असता तेव्हा तुम्ही पडत नाही आणि आम्हालाही पाडत नाही, म्हणून आम्ही जिंकत होतो. सेटिंग बघा म्हणून तिथेच बसवत होतो तुम्हाला. पुढच्या वेळी ढब्बूची बायको खेळेल.

मी विचारलं, म्हणजे १.३७? ती म्हणाली, काका, काहीही ठेवलं असतं तरी चाललं असतं. कन्येपेक्षा हिने वाईट वाटू न देता सांगितलं, तरी वाईट वाटायचं ते वाटलंच. मी डब्याला झाकण लावलं. म्हटलं, बरं. तुम्ही जेवून घ्या वर.

ती म्हणाली, अहो, ताई कधीच्या थांबल्यात, तुमच्यावाचून त्या सुरुवात करू देत नाहीत. खेळातून काढलंय, जेवणातून कोणी काढलं? डबा घ्या आणि चला. तो माउस तेवढा इथेच ठेवा.

माउस खोक्यावर ठेवला आणि गेलो.