मधला भाग कोणाचा

तीर्थस्वरूप आत्यास,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. आधी हकीकत, विनंती शेवटी. तुझे गुडघे कसे आहेत? इकडे सगळ्यांची प्रकृती ठीक आहे आणि बोलणंचालणंही. हे दुसरं नवीन असल्यामुळे पत्राला बसलो.

दोन वर्षं व्यवस्थापन शिकून काय कमावलंस, असं तू फोनवर विचारलं होतंस. मी 'वाटाघाटी' म्हणालो आणि तू हसलीस. (रास्त आहे. मी घासाघीस करून नासका कोबी चढ्या भावाने आणतो, हे घरात सर्वश्रुत आहे.) पण आजोबा गेल्यापासून बाबा आणि काका सोफे दुरुस्तीच्या त्या एकाच कारखान्यात मधोमध सोफ्याच्याच कापडाचा पडदा लावून काम करत होते, एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते, आणि कात्री हवी असली तरी "त्याला सांग" म्हणून मला पलीकडे पिटाळत होते. माझ्या शिक्षणाचा घराला उपयोग व्हायचा तर इथेच, असं मी मनावर घेतलं.

सुट्टीच्या दिवशी पडदा सरकवून दोघांना समोरासमोर बसवलं. भिंतीवर खडूने दोन वर्तुळं काढली, एकमेकांत थोडी शिरलेली. मधल्या भागाला समान हित म्हणतात, असं समजावलं.

"मधला भाग कोणाचा?" बाबांनी मला विचारलं.

"माझा," काका भिंतीकडे बघून म्हणाले.

मी घाईघाईने पुढचा प्रश्न टाकला, की तुम्हाला एकमेकांकडून काय हवंय? आणि त्यापुढचं सगळं विसरलो. प्रश्न विचारून गप्प बसावं, समोरचा आपोआप बोलतो, असं आमचे सर सांगायचे. मी गप्प बसलो ते मात्र पुढचं काही आठवेना म्हणून. मग काकांना फोमच्या धुळीने खोकल्याची उबळ आली.

बाबा खाली बघत म्हणाले, "औषध सोडलंस ना?"

"आणायचास तू," काका म्हणाले.

बाबा उठले आणि पाणी घेऊन आले. काकांनी ग्लास घेतला आणि एका दमात रिकामा केला. मध्ये पडायला नको, म्हणून मी वर्तुळं पुसत राहिलो. मग दोघं आजोबांच्या शेवटच्या दिवसांविषयी बोलत बसले. मी तिथे आहे, हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. (आठवलं तेव्हा दोघांनी एकमुखाने ठरवलं, की मला गिऱ्हाइकांशी बोलू द्यायचं नाही.) पडदा उतरला. त्या कापडात काकांनी एक खुर्ची मढवून टाकली.

तुझा,
पदवीधर भाचा

ता. क. बोलता बोलता असं निघालं, की "धाकटा तुला असं म्हणाला" हे बाबांना आणि "थोरला तुला तसं म्हणाला" हे काकांना सांगणारी व्यक्ती एकच होती. दोघं रविवारी तुझ्याकडे येत आहेत.

पुन्हा ता. क. आत्या, कृपा करून घरीच थांब. रागवायला तू सापडली नाहीस, तर वाटेतच ते पुन्हा एकमेकांवर रागावतील.