रीतसर अपहरण

खामगाव,
सोमवार

प्रिय जानराव,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही चष्मा शोधायला उठला असाल. बसा निवांत. हे समन्स नाही, सही करून परत द्यायचं नाही. फोन करता आला असता, पण फोनवर तुम्ही तीनच गोष्टी बोलता: होकाराचं हाव, बरं, आणि ठेवू का. मला जे सांगायचं ते एवढ्यात मावत नाही, म्हणून कागद घेतला.

आधी बातमी सांगते. माझ्या पोरानं, संघर्षनं, येत्या शनिवारी गाडी घेऊन यायचं ठरवलं, मला पुण्याला न्यायचा बेत करून. मला म्हणाला, आई, आठच दिवस चल, हवापालट होईल. माझ्या नातीनं, मंजुश्रीनं, मात्र काल हळूच सांगितलं की खामगावच्या या घराला भाडेकरू ठरला आहे आणि तिकडं माझ्या खोलीला रंगही देऊन झाला आहे. पोरगा वाईट नाही हो. रंगसुद्धा माझ्या आवडीचा दिला म्हणे, फिका पिवळा. पण संघर्षचे बाबा, भाऊराव, गेल्यावर मी इथं एकटीनं दिवस काढले आणि चांगले काढले. भाजीवाली मला विचारल्याशिवाय मेथी दुसऱ्याला देत नाही. मला जायचं नाही, हे पहिल्याच पानावर स्पष्ट लिहून ठेवते.

आपण दोघांनी अख्खी नोकरी कोर्टात काढली. मी टाइप करायची आणि तुम्ही बेलीफ म्हणून गावोगाव जाऊन ते कागद लोकांच्या हाती द्यायचे. अपहरणाची व्याख्या तर माझ्या बोटांना पाठ आहे. बळजबरीनं किंवा फसवून एखाद्या माणसाला एका जागेवरून दुसरीकडं जायला भाग पाडणं. आठ दिवस सांगून कायमचं नेणं त्यात बसतं की नाही, तुम्हीच बघा. पोटच्या पोरावर केस थोडीच करता येते, पण शब्द तरी बरोबर वापरावा माणसानं.

हा मेला शब्द, इंग्रजीतलं अ‍ॅबडक्शन, माझा पिच्छाच सोडत नाही. करिष्मा मॅडमच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यातला तो दिवस आठवा. माझा खांदा आखडलेला, तुमच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, दोघं शेजारच्या खाटांवर आणि मधे हिरवा पडदा. रिटायर झाल्यापासून मला तुमची काही खबर नव्हती. मॅडम मला म्हणाली, आजी, आता अ‍ॅबडक्शन करायचं. मी म्हटलं, बाई, या वयात कोनाचं? पडद्यापलीकडून कुणीतरी आधी खोकलं आणि मग हसलं. हसायच्या आधी खोकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आहे. डॉक्टरी भाषेत त्याचा अर्थ एवढाच निघाला की हात अंगापासून बाजूला, दूर न्यायचा. तुम्हाला पायाचं तेच करायला लावलं होतं. माझा खांदा कधीच मोकळा झाला, तुम्हीही तरण्या माणसासारखे चालायला लागलात, तरी आपण दोघं गुरुवारी तिथं जातच राहिलो. मॅडम हुशार. काही बोलली नाही, फक्त दोघांना एकच वेळ देत राहिली.

संघर्षला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं बिचाऱ्यानं आपल्या परीनं शोध लावला. व्हिडिओ कॉलवर त्याला ओट्यावर दोन कप दिसले. कोण आलं होतं विचारलं, मी म्हटलं, कोणी नाही. दिवाळीला आला तेव्हा त्याला डब्यात सुपारी आणि अडकित्ता सापडला, आणि मी तर सुपारी खात नाही. शेजारणीनं मला मोताळ्याच्या बसमध्ये पाहिलं, आणि मी त्याला सांगितलं होतं की दिवसभर घरीच होती. एकदा तर बोलता बोलता मी त्यालाच जानराव म्हणून हाक मारली. हे सगळं जुळवून त्यानं ठरवलं की आई विसरायला लागली. मला अकोल्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं शंभरातून सात सात वजा करायला सांगितले. मी दोनपर्यंत आली आणि विचारलं, आता शून्याच्या खाली जाऊ का? तो म्हणाला, अजून तरी काही नाही, पण लक्ष ठेवा. त्या 'अजून'नं माझा पोरगा घाबरला. भाडेकरूचा शोध तिथूनच सुरू झाला.

मंजुश्री कॉलेजात तर्कशास्त्र शिकते. ती म्हणाली, आजी, पप्पांनी केलं त्यालाही अ‍ॅबडक्शनच म्हणतात. समोरच्या खुणा पाहायच्या आणि त्यांना सगळ्यांत चांगलं लागू पडेल असं कारण धरायचं. डॉक्टर हेच करतात, पोलीसही हेच करतात. फक्त तो अंदाज असतो, तपासल्याशिवाय खरा धरायचा नसतो. मग तिनं मला विचारलं की याच खुणांना दुसरं कोणतं कारण लागू पडतं. मी म्हटलं, अभ्यास कर गुपचाप.

तुम्ही म्हणाल, मी पोराला आधीच खरं काऊन नाही सांगितलं. काय सांगणार होती? गुरुवारी दवाखान्यातून तुम्ही घरी येता, हरभऱ्याचे ओले घाटे नाहीतर बोरं आणता, चहा पिता, मग दारात चप्पल घालायला इतका वेळ लावता की मला वाटतं आज बोलणार, आणि निघून जाता. त्या दिवशी मोताळ्याच्या बसनं तुमच्या रोहिणखेडला नेऊन तुम्ही मला जुनी मशीद दाखवली, मग तुमचं घर दाखवलं, आणि म्हणालात, दोन मानसाले पुरते हे घर. एवढं बोलून तुम्ही अंगणातल्या कोंबडीकडं बघत बसलात. मी त्याचा जो अर्थ लावला तो लावला. पण मंजूच्या हिशेबानं तोही अंदाजच, तपासलेला नाही.

तुमच्या गोजरबाई आणि माझे भाऊराव, गेलेल्या दोघांनाही मी मनात विचारून पाहिलं. त्यांची ना नाही. तुमच्या देव्हाऱ्यात विठोबा आहे, माझ्या घरात बुद्ध आहे. आपण दोघांनी एवढी वर्षं कोर्टातल्या एकाच माठाचं पाणी प्यायलं, आता कोण काय म्हणेल ते ऐकायला मला तरी वेळ नाही. सप्ताहातली ती कथा तुम्हीच सांगितली होती ना, आपल्या विदर्भाच्या राजकन्येचा भाऊ ऐकेना, तेव्हा तिनं स्वतः पत्र धाडून देवाला बोलावून घेतलं. तिला रथात उचलून बसवलं होतं. मला तसलं काही नको, खांदा पुन्हा आखडेल. आणि सज्ञान बाई राजीखुशीनं निघाली तर गुन्हा बनत नाही, तेव्हा कायद्याकडून निर्धास्त राहा.

आता खरं काम. आज सकाळी मी संघर्षला फोन करून सगळं सांगून टाकलं, तुमच्या नावानिशी. मला वाटलं, आता चिडणार. पुण्यात गेल्यापासून शुद्ध बोलणारा माझा पोरगा एकदम आपल्या बोलीत म्हणाला, आई, त्याइनं तुले इच्यारलं का? आणि जानराव, मी हाव म्हणून टाकलं. तो म्हणाला, मंग शनिवारी मी तुले न्याले नाही येत, त्याइले भेटाले येतो. फोन ठेवला आणि लगेच हा कागद घेतला, मला पश्चात्ताप नाही. तुम्ही शनिवारी सकाळी या, पोरगा पोचायच्या आधी, आणि मला एकदाचं विचारून टाका. उत्तर मी देऊन बसली आहे.

तुमचीच,
सिंधू