पडलेलं लाकूड

बाबा, ते लाकूड मी उचललं होतं. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही तिथंच होतात, चार हातांच्या अंतरावर उभे होतात. पण मी ते तोंडाने कुणाजवळही कबूल केलेलं नाही, आणि आता त्याला अकरा वर्षं झाली.

तुम्ही आमच्याकडे अमेरिकेत, बॉथेलला आलात तेव्हा पहिले पाच आठवडे घरात पाहुण्यासारखे वावरलात. गॅस कसा पेटतो, नळ कुठल्या बाजूला फिरवायचा, कचरा कुठल्या डब्यात, सगळं विचारून. मी ऑफिसातून येईपर्यंत खिडकीशी बसून राहायचात. मग मी चार दिवसांची सुट्टी काढली आणि बायको-लेकीला घेऊन आपण गाडीने खाली कॅलिफोर्नियाला गेलो, रेडवुडचं जंगल बघायला. मध्ये एक मुक्काम केला. पार्कच्या गेटमधून आत शिरलो आणि तुम्ही मला गाडी थांबवायला लावलीत. उतरलात, चपला काढल्यात, आणि एका झाडाच्या सालीवर तळहात टेकवून उभे राहिलात. मान वर करून बघता बघता तुमची टोपी पडली. "शेंडा दिसतच नाही ना बाप्पा," म्हणालात. तीस वर्षं सागाच्या जंगलात गार्ड म्हणून काढलेल्या माणसाला झाडाचा शेंडा दिसत नव्हता, याचा तुम्हाला इतका आनंद झाला होता की माझी आठ वर्षांची लेकही तुमच्याबरोबर उड्या मारायला लागली.

गेटजवळच्या ऑफिसात एक रेंजर बाई होत्या, उंच, पांढऱ्या वेणीच्या. लेकीनं त्यांना सांगून टाकलं की माझे आबा पण रेंजर होते. तुम्हाला तेवढं इंग्रजी कळलं. "रेंजर नाही म्हणा बेटा, गार्ड. रेंजर साहेब असतो," असं तुम्ही लगेच दुरुस्त केलंत, आणि तिला ते पुन्हा सांगायला लावलंत. बाईंनी ऐकून घेतलं, हॅट काढली, काउंटरच्या बाहेर येऊन तुमचा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाल्या, मग आपण एकाच खात्यातले. मी भाषांतर केलं. त्या पूर्ण दिवसात तुमची पाठ वाकलेली मी बघितली नाही.

दुपारी आपण नदीवर होतो. पाणी पोटरीएवढं, बर्फासारखं गार, खाली गोल गोटे. लेक ट्यूबमध्ये बसून वाहत जायची आणि तुम्ही पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून तिला ओढून परत आणायचात. मग ओल्या वाळूत हरणाचे ठसे दिसले. तुम्ही तिला खाली बसवून दाखवलंत, हे बघ, खूर फाकले आहेत, म्हणजे पाणी प्यायलं आणि घाबरून पळालं. तिला मराठी अर्धंच कळत होतं, तरी सगळं कळलं. मी किनाऱ्यावर खुर्ची टाकून फोनवर ऑफिसच्या मेल बघत होतो.

संध्याकाळी शेकोटी पेटवायची होती आणि विकत आणलेली लाकडं संपली होती. कॅम्पवर लाकूड विकणारा माणूस निघून गेला होता. लेक रुसली, तिला मार्शमेलो भाजायचे होते. जंगलातलं काहीही उचलायचं नाही, अशी पाटी आपल्या तंबूपासून वीस पावलांवर होती, मी ती वाचली होती. नदीच्या वळणावर मोठी फांदी पडलेली दिसली. मी पायाने मोडून तिचे तुकडे केले आणि कवेत घेऊन आलो. तुम्ही म्हणालात, "राहू दे. नेऊन ठेव जिथलं तिथं." मी म्हणालो, "पडलेलंच तर आहे बाबा." तुम्ही म्हणालात, "पडलं असलं तरी जंगलाचंच असते ते." तेच वाक्य, जे जंगलाच्या नाक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या बायांना तुम्ही सांगायचात. मला राग आला. इथेही तुमचं खातं सुटत नाही का, असं काहीतरी बोललो मी.

मी पाचवीत असताना क्रिकेटच्या स्टंपसाठी सागाची तीन रोपं तोडून आणली होती. तुम्ही मारलं नाहीत. मला सायकलवर पुढे बसवून रेंज ऑफिसात नेलंत आणि बाहेर थांबलात. "आत जा. काय केलं ते तूच सांग. माझं नाव सांगू नको, तुझं सांग." साहेबांनी मला लाडू देऊन परत पाठवलं. बाहेर आलो तर तुम्ही सायकल धरून उभे होतात आणि तुमचा सगळा शर्ट घामाने भिजला होता.

त्या संध्याकाळी गाडी आली ती त्याच रेंजर बाईंची. उजेड अजून होता. त्यांनी शेकोटीच्या जागेजवळचा ढीग बघितला आणि विचारलं, हे कुणी आणलं? माझी ग्रीन कार्डची फाईल तेव्हा अडकलेली होती. दंडाची पावती, रेकॉर्डवर नाव, वकिलाचा फोन, हे सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. ही सबब मी स्वतःला पुष्कळदा सांगितली आहे. खरं एवढंच की मला भीती वाटली आणि तुम्ही शेजारी होतात. मी इंग्रजीत म्हणालो, "सॉरी. माझे वडील आहेत. इंडियातल्या खेड्यातून आलेत. तिकडे असंच उचलतात, त्यांना इथले रूल्स माहीत नाहीत."

फादर, व्हिलेज, रूल्स. हे तीन शब्द तुम्हाला येत होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, फार वेळ नाही. मग खुर्चीतून उठलात, टोपी सारखी केलीत, दोन्ही हात मांड्यांना लावून साहेबापुढे उभं राहावं तसे उभे राहिलात आणि म्हणालात, "येस मॅडम. माय मिस्टेक."

बाई माझ्या शर्टाकडे बघत होत्या. त्यावर सालीचा तांबडा भुसा होता. त्यांना कळलं की नाही, मला माहीत नाही. त्या म्हणाल्या, पावती फाडत नाही, पण लाकूड परत ठेवा. जाताना त्यांनी तुमच्याकडे बघितलं नाही. मुलीनं विचारलं, "आबा, डिड यू स्टील इट?" तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात. "हो बेटा. चुकलं." बायको पाणी घेऊन आली, तिनं विचारलं काय झालं, तर मी तिलाही तेच सांगितलं.

मग तुम्ही लाकडं गोळा केलीत. मी उठलो, तर म्हणालात, "तू बस. कोणी पाहील." तुम्ही दोन खेपा केल्यात. मी खुर्चीत बसून तुम्हाला झाडांमधून जाता-येताना बघितलं.

परतीच्या वाटेवर तुम्ही नेहमीसारखे बोललात, धाब्यासारखं काही मिळेल का विचारलंत. मला वाटत राहिलं की आता तुम्ही रागवाल. तुम्ही परत गेलात, आणि दुसऱ्या वर्षी गेलातच. तेराव्याला तुमच्याबरोबर नोकरी केलेले एक काका आले होते. ते मला म्हणाले, "अमेरिकेतल्या रेंजर बाईनं हॅट काढून हात मिळवला, हे तो सगळ्यांना सांगायचा. आम्हाला पाठ झालं होतं." मी विचारलं, आणखी काय सांगायचे? "आणखी? तू फार जपलंस म्हणायचा."

मी तिथून उठून मागच्या अंगणात गेलो.

लेक आता कॉलेजात आहे. मागच्या महिन्यात मैत्रिणींबरोबर त्याच नदीवर कॅम्पिंगला गेली आणि तिथून फोन केला. सगळ्या हसत होत्या. "डॅड, मी त्यांना आबांची स्टोरी सांगितली, त्यांना बिचाऱ्यांना रूल्सच माहीत नव्हते, सो क्यूट. कुठून उचललं होतं त्यांनी ते लाकूड?" आणि बाबा, मी तिच्याबरोबर हसलो. नदीच्या वळणावर, वाळू संपते तिथे, असं सांगितलं. जागा अगदी बरोबर सांगितली.

हे पत्र खरं तर तिला लिहायला हवं, तेही इंग्रजीत. मी ते मराठीत लिहितोय आणि तुम्हाला लिहितोय. तिला मराठी वाचता येत नाही, हे मला पहिल्या ओळीपासून माहीत आहे.