माटुंग्याचा सामाईक बिंदू

प्रिय लॅन्स,

गेल्या वर्षी हिंदमाताच्या सिग्नलला उभं राहून तू आपलं ठरत आलेलं लग्न गणिताने मोडलंस. दोघंही गणित शिकवणारे, टेन्सर कॅटेगरी नावाच्या त्यातल्या एका शाखेत डोकं घालून बसलेले, त्यामुळे भांडणही त्यातच. तू म्हणालास, "अवनी, प्रत्येक वस्तू काही बिंदूंवर जिवंत असते, बाकी सगळीकडे शून्य. ते बिंदू म्हणजे तिचा सपोर्ट. सपोर्टवरून घराणं कळतं. तुझा वेगळा, माझा वेगळा. आपल्या दोघांचा गुणाकार शून्यच येणार."

तुझ्याकडे चर्चमधली मिस्सा, डुकराच्या मटणाचं सोरपोतेल, फुटबॉल. माझ्याकडे अप्पांची पूजा, वरणभात, नाट्यसंगीत. मला पटलं रे! रडत रडत पटलं.

काल वर्गात एका मुलीने फळ्यावर हेच लिहिलं, 'सपोर्ट वेगळे, म्हणून गुणाकार शून्य', आणि मी कडाडले, "नुसते वेगळे असून भागत नाही! एकही बिंदू सामाईक नसेल, तरच गुणाकार शून्य!" आणि खडू हातात धरून मी हसतच सुटले. पोरांना वाटलं, मॅडमना वेड लागलं.

अरे गाढवा, माटुंग्याची इडली! दर रविवारी तू मिस्सा आटोपून यायचास, मी पूजा आटोपून. इडली सांबारात बुडवायची की नाही, यावर केवढे भांडायचो! तू अजूनही जातोस म्हणे. एक बिंदू पुरतो, लॅन्स.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. कागदावर सिद्धता दिसली की तू चुका काढत बसशील. रविवारी सरळ समोर येऊन बसते आणि तुझ्या प्लेटमधली इडली उचलते. तेव्हा काढ चूक.

शून्य न झालेली,
अवनी