झोप पूर्ण झाली आहे

३ फेब्रुवारी, सोमवार

घोडपदेवला खोली मिळाली! दहा बाय बारा, वर पोटमाळा, आणि परळची साइट चालत पंचवीस मिनिटांवर. टॉवर क्रेन चालवणाऱ्याला आणखी काय हवं? दिवसभर मी बेचाळीस मजल्यांच्या वर बसणार आणि मुंबई माझ्या पायाशी. माझे आजोबा, अप्पा, तरुणपणी याच वस्तीत राहून गिरणीत जायचे. आज असते तर खूश झाले असते. शेजारच्या चंपाआजींनी आल्याआल्या चहा दिला आणि नाव, गाव, कोणाचा कोण, सगळं विचारून घेतलं. अप्पांचं नाव पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग म्हणाल्या, बरं झालं बाळा आलास. माणसं भली आहेत इथली.

४ फेब्रुवारी

सेफ्टीवाल्या शंतनु साहेबांनी मनगटाला पट्टा बांधला. हा झोप मोजतो म्हणे. गुण सत्तरच्या खाली आले की क्रेनवर चढायचं नाही. वर रोज सकाळी वहीत ‘माझी झोप पूर्ण झाली आहे’ या ओळीखाली सही. मी सांगितलं, साहेब, आमच्या घराण्याला साडेपाच तास पुरतात. अप्पा तर पहाटे चारलाच ओट्यावर येऊन बसायचे. साहेब नुसते हसले. स्लॅबवर उभा राहून मला सिग्नल देणारा अवधूत लालबागचा, माझ्याच वयाचा. पहिल्याच दिवशी दोस्ती जमली.

संध्याकाळी चंपाआजी एक जुनी वळकटी घेऊन आल्या. नुसत्या फरशीवर झोपू नको म्हणाल्या. आत ठिगळांची जाड गोधडी, हाताला ऊबदार. उन्हात घातली असावी.

६ फेब्रुवारी

साडेपाच तास ढाराढूर झोपलो, टवटवीत उठलो. पट्ट्याचं म्हणणं: गुण एकतीस. सल्ला: सकाळी सातला झोपा, दुपारी तीनला उठा. मग क्रेन काय तुझा बाप चालवणार? साहेबांनी सगळ्यांसमोर मला शेडमध्ये बसवलं, शाळेत अंगठे धरून उभं करतात तसं. माझ्या जागी दुसराच चढला. शंतनु साहेब, बघून घेईन तुम्हाला.

९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. अँटॉप हिलला आत्याकडे जेवून आलो. सकाळी निघताना पट्टा रागारागाने गुंडाळलेल्या वळकटीवर भिरकावला होता. आल्यावर मोबाइलमध्ये पाहतो तर सात ते तीन गाढ झोप, नाडी अठ्ठावन्न, गुण अठ्ठ्याण्णव! नाडी कुणाची, गोधडीची? पोट धरून हसलो.

कुलूप मीच उघडलं होतं. वळकटी पसरलेली होती. मधोमध माणसाएवढा खळगा, आणि ऊब.

१० फेब्रुवारी

अठ्ठ्याण्णव बघून साहेबांची कळी खुलली. मी ब्र काढला नाही. खोटी तर खोटी, सही ठोकली. वर चढलो आणि मुद्दाम शेडवरून सळ्यांचा भारा फिरवला. साहेब बाहेर पळाले. जिरवली!

रात्री मात्र डोळा मिटला की पाठीत कुणीतरी गुडघा रोवत होतं.

१३ फेब्रुवारी

तीन रात्री मिनिटभर झोप नाही. फरशीवर पडून पाहिलं. अवधूतकडे जाऊन पाहिलं. गुडघा तिथेही येतो. आवाज एकच म्हणतो, ऊठ, माझी पाळी झाली. पट्ट्याचं म्हणणं, आठ तास, नव्व्याण्णव. काढून ठेवला तरी नव्व्याण्णव.

साहेबांना हात जोडले, रविवारचंही खरं सांगितलं. मला खाली ठेवा म्हणालो. ते म्हणाले, सही तुझीच आहे ना? आकडा खोटं बोलत नाही. चढायचं नसेल तर गावाला चालता हो.

१४ फेब्रुवारी

चंपाआजींकडे गोधडी परत करायला गेलो. घेतली नाही. तांदूळ निवडत निवडत सांगितलं.

गिरणीच्या काळी एका खोलीत पंधरा माणसं, दोघांत एक वळकटी. रात्री या वळकटीवर अप्पा झोपायचे. सकाळी सातला, रात्रपाळी करून आलेले रामजी. रामजी म्हणजे आजींचे वडील. पत्त्यांवरून दोघांचं वाजलं आणि अप्पांनी सातला उठणंच बंद केलं. तीनपर्यंत लोळायचे, मग वळकटी कुलपात टाकून दुपारपाळीला जायचे. आठ दिवस. रामजी गॅलरीत उभ्या उभ्या पेंगायचे. नवव्या रात्री पेंगता पेंगता ते यंत्रात सापडून गेले. चौकशीत अप्पांनी लिहून दिलं, त्याची झोप पूर्ण झाली होती, मी डोळ्यांनी पाहिलं. खाली सही. दोष रामजींचाच ठरला.

आजी म्हणाल्या, तुझ्या आज्याचं नाव तुझ्या तोंडून ऐकलं, त्या रात्री मला पन्नास वर्षांनी नीट झोप लागली.

अप्पा पहाटे चारला का उठून बसायचे, ते आता—

१५ फेब्रुवारी, क्रेनवर

नको नको म्हणत सही केली. पाहिलं तर अक्षर माझं नाही. अप्पांचं.

जागं राहायला लिहितोय. हुकाला दोन टन सळ्या, बरोबर अवधूतच्या वर. खालून थांब म्हणालेत. मी पुढे कलंडलो तर हूक खाली सोडायच्या दांडीवर पडेन, आणि माल—

वॉकीवर ओरडलो, बाजूला हो. तो हसला. नव्व्याण्णववाला तू, घाबरतोस काय, म्हणाला.

गुडघा नाही. आज पाठीत गुडघाच नाही.

मानेखाली कुणीतरी हळूच काहीतरी सरकवलं. ठिगळं लागतात हाताला. ऊब—

पट्टा थरथरला. झोपायची वेळ झाली म्हणतो.

आणि तो आवाजही कानाशी. रागाने नाही, मायेने. म्हणतो, माझी झोप पूर्ण झाली आहे. आता तुझी पाळी.

अवधूत बाजूला हो अवधू