गादीवर नव्हे, जमिनीवर

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (बाकीचे लोक हे नुसतं लिहितात. मी दिवसातला बराच वेळ खरोखरच आडवा असतो, तेव्हा माझा अस्सल समजावा.) तुझे गुडघे कसे आहेत? गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी अजून तूच घालतेस की ते काम सुनेच्या गळ्यात घातलंस? आणि भावोजींचा गॅस काय म्हणतो? मागच्या आठवड्यात ते फोनवर म्हणाले की जिना चढताना छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं, जबडा दुखतो, घाम येतो, पण ढेकर आला की सगळं ठीक. ढेकर येईपर्यंत ते मधल्या पायरीवर बसून असतात, हे मात्र तू सांगितलंस. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवा. तर म्हणाले, वर्गात झोपून पास झालेल्याने माझ्या छातीत शिरू नये, आणि फोन ठेवला. मला राग आला. म्हणून हे पत्र तुला आहे, त्यांना नाही, आणि ते तू शेवटपर्यंत वाचायचं आहेस.

आता ते 'झोपून पास' काय प्रकरण आहे ते माझ्या तोंडून ऐक. आमच्या गाद्यांच्या दुकानात माझं काम म्हणजे गिऱ्हाइकासमोर गादीवर पडून दाखवणं. घरात तुम्ही सगळे मला लोळ्या म्हणत आलात, त्या गुणाचं अखेर कुणीतरी पगार देऊन चीज केलं. मध्यंतरी विमा कंपनीने शेठजींना कळवलं की दुकानातल्या एका तरी माणसाला प्रथमोपचार यायला हवा. हिशोब बघणाऱ्या बाई म्हणाल्या, मला रक्त बघवत नाही. टेम्पोवाला म्हणाला, मी काय, सदा बाहेरच. मी त्या वेळी एका जोडप्याला स्प्रिंगा समजावत पालथा पडलो होतो, त्यामुळे मला हात झटकायलाही सवड मिळाली नाही.

वर्ग दर शनिवारी एका शाळेच्या खोलीत भरायचा. शिकवायला एक निवृत्त परिचारिका होत्या, त्यांना सगळे सिस्टर म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, बेशुद्ध कोण पडेल? मी सवयीने आडवा झालो. मान सैल, हात लुळा, कानाशी टाळी वाजवली तरी पापणी हलायचं नाव नाही. इतकी सुरेख बेशुद्धी आपण उभ्या नोकरीत पाहिली नाही, असं सिस्टर म्हणाल्या (शब्द त्यांचे, मी भर घातलेली नाही). झालं, तेव्हापासून रोगी म्हणजे मीच. 'कुणीतरी या' अशी त्यांनी हाक दिली की मी खाली. मला भाजलं म्हणून माझा हात बधिर होईपर्यंत नळाखाली धरला, आणि वर टूथपेस्ट फासाल तर याद राखा अशी तंबी बाकीच्यांना. माझा घोळणा फुटला म्हणून मला पुढे वाकवून नाक दाबून बसवलं. (आपली आई मान मागे टाकायला लावायची, ते साफ चूक होतं. पण तिला बोलू नकोस, दोन दिवस जेवणार नाही.) माझ्या घशात घास अडकला म्हणून एका केशकर्तनकाराने पाठीत असे धपके घातले की तो घास खरा असता तर समोरच्या फळ्यावर जाऊन चिकटला असता.

छाती दाबायला मात्र रबरी बाहुला होता, कारण धडधाकट माणसाची छाती अशी दाबायची नसते. पण हाताचा तळवा नेमका कुठे ठेवायचा हे दाखवायला पुन्हा मीच, आणि सगळ्या वर्गाचे तळवे माझ्या छातीच्या मधोमध येऊन गेले. बाकीच्यांनी प्रथमोपचार वरून पाहिला, मी खालून. एकदा फरशी गार लागते म्हणून मी दुकानातून नमुन्याची गादी नेली. सिस्टरनी तिच्यावर तो बाहुला ठेवला, दाबला आणि मला चारचौघांत झापलं, की बघ, गादी दबते आहे, छाती नाही, ने ती उचलून. गादीचा अपमान मला फार लागला. पण तो लक्षात राहिला.

आता मंगळवारचं सांगतो. शेठजी सकाळपासून जबडा चोळत होते. पंखा डोक्यावर असून कपाळावर घाम. मी म्हटलं, डॉक्टरांकडे चला. ते म्हणाले, ॲसिडिटी आहे, तू गादी विक. (हा सूर कुठे ऐकलाय, ते मला लगेच आठवलं.) दुपारी ते बिलं बघता बघता खुर्चीतून घसरले. बाईंनी आणि टेम्पोवाल्याने त्यांना उचललं आणि, माया ती माया, दुकानातल्या सगळ्यात महागड्या गादीवर ठेवलं. मग बाई ओरडल्या, अहो, कुणीतरी या. आणि ताई, काय सांगू, शनिवारची सवय, मी शेजारच्या गादीवर आडवा झालो. एक गिऱ्हाईक मला वारा घालू लागलं. (हे भावोजींना सांगायची काही गरज नाही.)

पण त्या पडण्याचाही उपयोग झाला, कारण मान वळवली तर शेठजींचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर. श्वास नव्हता, अधूनमधून नुसता आचका. टेम्पोवाला टीव्हीवर पाहिल्याप्रमाणे जिवाच्या आकांताने छाती दाबत होता आणि दर दाबाला गादी शेठजींसकट खाली जाऊन डौलात वर येत होती, जे गुण सांगून आम्ही ती विकतो ते सगळे दाखवत. मी म्हटलं, जमिनीवर घ्या. बाई म्हणाल्या, एवढ्या आजारी माणसाला फरशीवर? ज्या माणसाने वैऱ्यानेही जमिनीवर झोपू नये असं सांगत जन्म काढला, त्याला? तेव्हा ताई, मी उठलो. चादरीसकट शेठजींना खाली ओढलं, बाईंना रुग्णवाहिका बोलवायला लावलं, आणि दाबत राहिलो. हात कुठे ठेवायचा याचा विचारच करावा लागला नाही, माझ्या स्वतःच्या छातीला ती जागा पाठ होती. मी दमलो की टेम्पोवाला, तो दमला की मी, रुग्णवाहिका येईपर्यंत. एक बरगडी मोडली. रुग्णवाहिकेतला माणूस म्हणाला, मोडू दे, जीव तर वाचला. शेठजी इस्पितळात आहेत, बोलतात, आणि सगळ्यात आधी त्यांनी विचारलं की गादीवर बूट कुणी ठेवले. सिस्टरना कळवलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, गादीवरून खाली घेतलंस ना, मग म्हणाल्या, शाबास. तेव्हा झोपून पास झालो असेन, पण पक्का पास झालो.

असो. सुनेला आशीर्वाद, तुला नमस्कार. लोभ आहेच, माझं ऐकण्याचीही सवय असू दे.

तुझा,
लोळ्या

ता. क. डॉक्टरांनी शेठजींना विचारलं, आधी काही त्रास होत होता का? ते म्हणाले, जिना चढताना छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं, जबडा दुखायचा, पण ढेकर आला की बरं वाटायचं. मी कॉटेपाशी उभा होतो. ताई, मला भावोजी हवे आहेत, त्यांच्या टोमण्यांसकट.

ता. ता. क. पाकिटावर तिकीट नाही हे तू पाहिलंच असशील. तोंडी सांगितलं असतं तर तू आधी चहा टाकला असतास आणि त्यांनी विषय बदलला असता, म्हणून लिहून आणलं. तू हे आत वाचते आहेस तोवर मी बाहेर त्यांच्या पायात बूट चढवतो आहे (पत्र एवढं लांबवलं ते त्यासाठीच). खाली टॅक्सी उभी आहे, डॉक्टरांना सांगून ठेवलंय. त्यांचे जुने रिपोर्ट आणि चष्मा घे, आणि जिना उतरताना घाई करू देऊ नकोस. नाहीच म्हणाले, तर मी तुमच्या दारात आडवा पडणार आहे. उठवून दाखवा म्हणावं.