आठ ओहमची जोडी

लालबाग,
तुझ्या हळदीचा दिवस, दुपार

प्रिय मीनाक्षी,

माझं सगळं कुठे फिरलं ती जागा मला नेमकी दाखवता येईल. लॅमिंग्टन रोडच्या आमच्या दुकानात तू जयवंतला घेऊन आलीस, काउंटरपाशी उभी राहिलीस आणि त्याला म्हणालीस, "हा हरू, आमच्या चाळीतला. याला विचार, हा फसवणार नाही." माझ्या हातात अर्धी सोललेली वायर होती. तुझं लग्न ठरलंय हे मला तिथे कळलं. तुझ्या बोटातली अंगठी आधी दिसली आणि मग तुमचं गिऱ्हाईक असणं. लहानपणापासून एका जिन्याने वरखाली केलेल्या मुलीचं लग्न मला काउंटरच्या अलीकडून कळावं? असो. त्यानंतर मी जे जे केलं ते सगळ्यांनी त्याच एका खात्यात टाकलं. पोरगा पिसाळलाय, मीनाचं लग्न याला बघवत नाही. तूही तेच म्हणतेस.

जयवंतला होम थिएटर हवं होतं, सासऱ्यांना लग्नाआधीची भेट म्हणून. कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणेन. तुझ्या बाबांचे, गुणाजीकाकांचे, कान गिरणीतल्या साच्यांनी, त्या मागांच्या खडखडाटाने खाल्ले, माझ्या बाबांचेही खाल्ले होते. दोघं एका ओळीत शेजारशेजारचे साचे चालवायचे. संप झाला तेव्हा आपण दोघं पाळण्यात. गिरणी गेली, साचे भंगारात गेले, माझे बाबाही गेले. काकांच्या कानातला साचा तेवढा राहिला. टीव्ही कितीही मोठा केला तरी त्यांना नुसती तोंडं हलताना दिसतात. तर जयवंतच्या बिल्डरच्या ऑफिसने, त्याच गिरणीच्या जागेवर जो टॉवर उभा राहतोय त्यातला सँपल फ्लॅट मोडला आणि तिथले चार भलेमोठे स्पीकर याला फुकटात मिळाले. आता त्यांना आवाज पुरवायला फक्त रिसीव्हर हवा होता. त्याने बोट ठेवलं ते सगळ्यात जास्त दिवे लुकलुकणाऱ्या रिसीव्हरवर.

मी त्याला नीट सांगितलं होतं, तू साक्षीला होतीस. या रिसीव्हरच्या पाठीवर लिहिलंय, आठ ओहमच्या खालचा स्पीकर लावू नये. तुमचे चार ओहमचे आहेत. वर एकाच जागी दोन-दोन जोडायचे म्हणता, म्हणजे तेही निम्मं. ओहम म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो त्याचं माप. कमी अडवलं की करंट धो धो ओढला जातो आणि रिसीव्हर आतून तापतो. "अडवणूक कमी म्हणजे चांगलंच की," जयवंत हसून म्हणाला, "आमच्या धंद्यात तर त्याचेच पैसे मिळतात." आमचा शेठही हसला. मी म्हटलं, याला जुळणारी आठ ओहमची साधी जोडी घ्या, खोली दहा बाय बाराची आहे, कान फुटतील एवढा आवाज येईल. तेव्हा तो तुझ्याकडे बघून म्हणाला, "कॉलेज अर्ध्यात सोडून वायरी सोलणारा मला फिजिक्स शिकवतोय." पुढचं तुला माहीत आहे. माझा हात उठला. त्याचा चष्मा काउंटरखाली गेला, माझी नोकरी त्याच दिवशी गेली आणि तुझ्या घराचं दार मला बंद झालं. मीना, मारल्याचं मला फार वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की एकदा कानफटात मारणारा माणूस त्यानंतर आग लागलीय असं ओरडला तरी लोक म्हणतात, हा जळतोय.

तुला ठाऊक नसलेली एक गोष्ट आता सांगतो. परवा तुम्ही बायका दादरला साड्यांना गेला होतात तेव्हा काकांनी मला घरात बोलावलं. काकी नाहीत हे बघून, गॅलरीतून, चोरासारखं बोट हलवून. त्यांना मला ते सगळं दाखवायचं होतं. लहान मुलासारखे खुलले होते ग. आवाज पार शेवटपर्यंत नेला, समोरच्या स्पीकरवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. मग माझा हात धरून त्यांनी तिथेच ठेवला. म्हणाले, "बघ झिला. साचो." खरंच, पेटी तशीच थरथरत होती. मी बाबांचा डबा घेऊन कधी गिरणीत गेलो नाही, साचा चालताना पाहिला नाही, पण तळहाताला कळलं. इतक्या वर्षांनी त्यांना गिरणीतलं त्यांचं साच्यांचं खातं परत मिळालं होतं.

आणि मग मी शोकेसकडे पाहिलं. रिसीव्हर काचेआड, धूळ बसू नये म्हणून काच घट्ट सरकवलेली. त्याच्या डोक्यावर काकींनी विणलेला क्रोशाचा रुमाल, म्हणजे गरम हवा जायच्या जाळीवरच. रुमालावर तुमच्या दोघांचा साखरपुड्याचा फोटो. मागे लग्नाची म्हणून थर्मोकोल आणि जिलेटीन पेपरची कमान. काच सरकवून हात लावला तर तवा. मग मागून पाहिलं. तो रिसीव्हर पहिल्याच आठवड्यात फ्यूज उडवून बंद पडला होता म्हणे. जयवंतने कुणाला तरी आणलं आणि त्याने फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार पिळून बसवली. आता उडायला काही नाहीच. दाराबाहेरच्या किटकॅटमध्ये, त्या चिनीमातीच्या फ्यूजमध्ये, काकांनी तेच केलं होतं. चाळीत सगळेच करतात, आमच्याकडेही जाड तारच होती, मी ओरडून काढायला लावली. तिथून पुढे सगळ्या मजल्याची वायर लाकडी पट्टीतून जाते, ती आपल्या आजोबांच्या वेळची. जिनाही लाकडी आणि एकच. आणि गॅलरीभर आता मांडवाचं कापड.

काकांशी बोलायचं कसं, तर बाबा बोलायचे तसं. साच्यांच्या आवाजात ते दोघं ओठांनी आणि बोटांनी बोलत, ती सवय पुढे चाळीतही राहिली, आठवतं? आपण चेष्टा करायचो. मी मूठ फिरवली, मोटर. दोन बोटं, दोन साचे, ठीक. मग चार बोटं, आठ बोटं, एकाच मोटरवर. पट्टा दाखवला, नाक धरलं. जळका वास. काका क्षणात समजले. त्यांचा चेहरा असा झाला जणू खात्यात मुकादम शिरलाय. हळू आवाजात म्हणाले, "माका कळता रे. पण जावयान दिल्यान हा. लगीन होवंदे, मगे काढूया." जावयाची पहिली भेट, ती लग्नाच्या आधी जागेवरून काढायची म्हणजे काय, वरात दारातून परत पाठवल्यासारखंच. मी हात जोडले. त्यांनी माझे हात खाली केले आणि पुन्हा पेटीवर तळहात ठेवला. तेव्हा मला कळलं, जावई हे निमित्त. त्यांना ती थरथर सोडवत नाही.

काल तुला नळावर गाठून हेच सांगायला आलो तर तू कळशी खालीसुद्धा ठेवली नाहीस. "हरू, पुरे आता. तुला वाईट वाटतंय ते मला कळतं, पण माझ्या घरात भुतं सोडू नकोस." पाणी भरायला आलेली मालन शेजारी उभी राहून तोंडावर पदर धरून हसत होती. मी रात्रभर तुझं ते वाक्य उलटसुलट करून पाहिलं. खरंच मी भूत सोडतोय का? तुझं लग्न मोडावं असं मला वाटतं का? हो ग, वाटतं. रोज वाटतं. म्हणूनच स्वतःची दहादा झडती घेतली. पण माझं मन कितीही वाकडं असलं तरी ती तार जाडच आहे, काच बंदच आहे आणि तवा तापलेलाच आहे.

आज सकाळी जयवंतच्या मित्रांनी वर गाण्यांची चाचणी घेतली. तुमची खोली आमच्या डोक्यावर. ठोका पडला की आमच्या आढ्यातली माती खाली यायची आणि ठोक्याबरोबर बल्ब मिचमिचायचा. मग वरून एक वास आला. वार्निश भाजल्यासारखा, गोडसर. आईला विचारलं तर म्हणाली, वर पुरणपोळ्या चालल्यात. आता तीही वरच आहे, तुझ्या हळदीचं वाटण वाटायला. सगळ्या चाळीच्या बायका त्या एका खोलीत असतील आणि तू मध्ये पाटावर, शोकेसला पाठ करून.

म्हणून हे लिहितोय. वर येऊन ओरडलो तर जयवंतचे मित्र मला जिन्यावरून खाली फेकतील आणि गाणी चालूच राहतील. तेव्हा मी खाली मीटरच्या खोलीत जातो आणि चाळीचे मेन फ्यूज काढून खिशात घालतो. दिवे जातील, पंखे जातील, तुझ्या हळदीचा बेरंग होईल. लोक म्हणतील, बघा, शेवटी केलंच त्याने. मारतील, पोलिसात देतील, देऊ देत. तू फक्त एक कर. सगळे मला शोधायला धावतील, तेव्हा हे पत्र हातात पडताच ती काच सरकव आणि रिसीव्हरला हात लावून बघ. मग ते चारही स्पीकर सोडवायला लाव. तुमच्या दाराशी चपलांच्या फळीखाली गोणपाटात गुंडाळून एक जोडी ठेवलीय, आठ ओहमची. पेट्या मी स्वतः केल्यात, पातळ सागाच्या फळीच्या, काकांच्या तळहाताला थरथर लागावी म्हणून. माझ्याकडून आहेर समज. जयवंतला सांगू नकोस कुणी दिली.

वर सुरू झालं, मीना. माती कागदावर पडतेय, बल्ब पिवळा होतोय. हे पत्र आईच्या ओटीच्या पिशवीत नारळाखाली ठेवतो, ती पिशवी न्यायला येईलच. तू दुकानात म्हणाली होतीस, हा फसवणार नाही. तेवढं एक वाक्य खरं करायला निघालोय. पक्कड घेतली, बाहेर पडतोय. दार ओढून घेतो.

तुझाच,
चाळीतला हरू